बोक्याची साखर

रायपूरच्या पुरानी बस्तीतली जुनी घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. महामाया मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत कौलांवरून फिरणारा बोका एका घरचा म्हणवला जातो, पण जेवतो चार दारांत. कुठे दूधभात, कुठे दुधात कुस्करलेली पोळी, कुठे नुसतं वाटीभर दूध. त्याला मधुमेह असल्याचं निदान झालं, की मोहल्ल्यातली ही प्रत्येक वाटी औषधाच्या हिशेबात धरावी लागते. घाबरून गेलेल्या घराला मला सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं: इन्सुलिन आणि जेवण यांचा निर्णय एकत्रच घ्यायचा असतो. एकात बदल केला की दुसऱ्यात करावा लागतो, आणि तोही डॉक्टरांना विचारून.

हा आजार बहुधा मध्यम वय उलटलेल्या, लठ्ठ, घरात लोळणाऱ्या मांजरांना गाठतो. नसबंदी झालेल्या बोक्यांना जास्त. मांजर सारखं पाणी पितं, लघवी वाढते आणि भरपूर खाऊनही पाठीचा कणा हाताला लागायला लागतो. काहींच्या मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात आणि ती टाचा टेकवून चालू लागतात. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्यामुळे वाढलेल्या तहानेचा दोष सहज उन्हाला दिला जातो. तहानेबरोबर वजनही घटत असेल तर थांबू नये. दवाखान्यात भेदरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनंही वर जाते. म्हणून एका आकड्यावर निदान न करता डॉक्टर लघवीतली साखर पाहतात किंवा मागच्या दोनेक आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामिनची तपासणी करून घेतात.

आता ताटलीकडे वळू. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. पिष्टमय अन्न पचवायला तोंडातच सुरुवात करणारं विकर त्याच्या लाळेत नसतं, आणि जेवणातून एकदम आलेली साखर हाताळायची त्याच्या यकृताची ताकदही तोकडी. प्रौढ मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात, त्याही जवळजवळ सगळ्या पिष्टातून. म्हणजे दूधभाताची एक वाटी आपल्याला वाटते तेवढी लहान नसते. बाजारातल्या कोरड्या दाण्यांतही पिष्ट बरंच असतं. ओलं, डब्यातलं किंवा पाकिटातलं खाणं त्या मानानं बरं. घरी उकडलेलं चिकन, मासे, अंडं चालतं, कांदा-लसूण अजिबात नको. पण रोज नुसत्या चिकनवर ठेवू नये. त्यात कॅल्शियम फार कमी असतं, आणि टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्य उकडलेल्या पाण्यात उतरतं. टॉरिनच्या कमतरतेनं मांजरांचं हृदय निकामी होतं, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं.

धोका असा की, उत्साहाच्या भरात भात आणि दाणे एका दिवसात बंद केले आणि इन्सुलिन तेवढंच ठेवलं, तर साखर धोकादायक खाली येते. बदल हळूहळू करावा. नवं खाणं आवडलं नाही म्हणून लठ्ठ मांजराला उपाशीही ठेवू नये. दोन-तीन दिवसांच्या उपासानं यकृतात चरबी साठून त्याच्या जिवावर बेततं.

इन्सुलिन बहुतेकदा दर बारा तासांनी, मानेमागच्या किंवा कुशीच्या सैल कातडीखाली देतात. सुई बारीक असते, खाण्यात गुंतलेल्या मांजराला ती कळतही नाही. मांजरांसाठी ग्लार्जिन या प्रकारचं इन्सुलिन जास्त वापरलं जातं, आणि सुरुवातीचा डोस एखाद्या युनिटच्या आसपासच असतो. इथे औषधाच्या दुकानात डोळ्यांत तेल घालून पाहावं. आपल्याकडे माणसांच्या इन्सुलिनच्या पुष्कळ बाटल्या मिलिलिटरमागे ४० युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. ग्लार्जिन १०० युनिटचं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. ग्लार्जिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एका खुणेपर्यंत भरलं, तर मांजराला एकाऐवजी अडीच युनिट जातात. घरात आजोबांचं इन्सुलिन असेल तर दोघांच्या सिरिंजा वेगळ्या डब्यांत ठेवाव्यात. अर्ध्या युनिटच्या खुणांची सिरिंज मिळाली तर उत्तम.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं. वीज गेली तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून पाणी झिरपणाऱ्या मातीच्या मडक्यात ठेवता येतं.

मांजर जेवलं नाही किंवा ओकलं, तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय पुढचा डोस देऊ नये. ते लटपटत असेल, सुन्न पडलं असेल किंवा झटके येत असतील, तर साखर उतरली असं धरून हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळावं आणि तडक दवाखाना गाठावा. डोस दिलाय की नाही अशी शंका आली तर पुन्हा देऊ नये. एक वेळ चुकल्यानं सहसा बिघडत नाही, दुप्पट डोसनं जीव जाऊ शकतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर देणाऱ्यानं लगेच खूण करावी.

कानाच्या कडेला टोचून घरीही साखर मोजता येते. माणसांचं यंत्र मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, हे डॉक्टरांच्या कानावर घालावं. गुंतागुंत वाढली तर दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

उपचार लवकर सुरू झाले, पिष्ट कमी राहिलं आणि वजन बेतात आलं, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही. त्यासाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांना घरी जाऊन सांगावं लागतं, गळ्यात ‘खाऊ देऊ नका’ अशी पट्टी बांधावी लागते, किंवा बोक्याला घरातच ठेवावं लागतं. मी तिसरा मार्ग निवडेन. इन्सुलिन सुटलं तरी आहार तोच राहतो, आणि तहान पुन्हा वाढलेली दिसली की त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यायची.