रक्त थांबलं की खरा पहारा

आमची चिंगी मंगळवेढ्याकडून आणलेली. जात कारवानी, सीमेपलीकडे कर्नाटकात याच कुत्र्यांना मुधोळ म्हणतात. चिंगी सव्वा वर्षाची झाली तरी माजावर आली नव्हती, म्हणून घरात काळजी सुरू झाली होती. ती काळजी फुकटची होती. लहान चणीच्या कुत्र्या सहाव्या-सातव्या महिन्यात पहिल्यांदा माजावर येतात. उंच, उशिरा भरणाऱ्या जातींना वर्ष-दीड वर्ष लागतं, क्वचित दोन वर्षंही.

ती आली ते मात्र आम्हाला कळलंच नाही. तिचं अंथरूण म्हणजे जुनी सोलापुरी चादर, गर्द तांबड्या नक्षीची. त्यावर रक्ताचा डाग दिसणार कसा? शिवाय पहिल्या खेपेला रक्त कमीच जातं आणि कुत्री स्वतःला चाटून साफ ठेवते. बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढऱ्या फरशीवर रुपयाएवढा गुलाबी ठिपका दिसला, तेव्हा शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, “कावळा शिवला म्हणायचा हिला! चार दिवस सांभाळा, मग मोकळी.”

काकूंचा हिशेब बाईमाणसाचा होता आणि सगळी गफलत तिथेच होते. बाईला रक्त जातं ते गर्भ राहिला नाही म्हणून, म्हणजे चक्राच्या शेवटी. कुत्रीला रक्त जातं ते चक्राच्या सुरुवातीला, बीज सुटायच्या आधी. म्हणून ‘कुत्रीला पाळी आली’ हे म्हणणंच चुकीचं. गाय-म्हैस पाळणाऱ्यांना ‘माज’ हा शब्द ठाऊक असतो, इथेही तोच बरोबर. फरक एवढाच की गाय दर एकवीस दिवसांनी माजावर येते आणि दिवसभरात माज ओसरतो. कुत्रीचा माज साधारण तीन आठवडे चालतो आणि वर्षातून दोनदा, काहींना एकदाच येतो.

या तीन आठवड्यांचे दोन भाग असतात. पहिला साधारण नऊ दिवसांचा. निरण सुजते, लालसर स्राव येतो, कुत्री सारखी थोडं थोडं मुतते. तो वास वाऱ्यावर लांब जातो आणि फाटकाबाहेर नर जमू लागतात. ती मात्र त्यांना जवळ येऊ देत नाही. गुरगुरते, खाली बसते. घरच्यांना वाटतं, पोरगी शहाणी आहे. मग लाल रंग फिका होत होत गवती पिवळसर होतो, सूज थोडी मऊ पडते आणि दुसरा भाग सुरू होतो. पाठीच्या मागच्या टोकाला खाजवलं की ती पाय रोवून उभी राहते आणि शेपूट एका बाजूला घेते. ठिपका दिसल्यापासून बाराव्या दिवशी चिंगीने ती अशी घेतली, तेव्हा मी फाटक सताड उघडं टाकून दुधाची पिशवी घेत होतो, कारण ‘रक्त थांबलं, संपलं’ असा माझाही समज होता. थोडक्यात वाचलो.

हे दुसऱ्या भागाचे नऊएक दिवसच धोक्याचे. त्यातही सगळ्या कुत्र्या पुस्तकाप्रमाणे वागत नाहीत. कुणी तीन दिवसांत उरकते, कुणी वीस दिवस घेते. बीज सुटल्यावर पक्व व्हायला दोन-तीन दिवस जातात आणि नराचं वीर्य कुत्रीच्या पोटात पाच-सात दिवस टिकून राहतं. म्हणून ‘एकदाच तर सुटली होती’ या म्हणण्याला अर्थ नाही. पहिला ठिपका दिसल्यापासून पूर्ण चार आठवडे पट्टा सोडायचा नाही. कंपाउंडच्या भिंतीवर भरवसा ठेवू नका, नर उडी मारून आत येतो. कुत्रीला गच्चीवर एकटी सोडू नका. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, असं आपल्याकडे म्हणतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांबाबत त्यात तथ्य आहे. घरातली कुत्री मात्र पंचांग पाळत नाही, ऐन मेमध्येही माजावर येते.

मे म्हटलं की डायपरचा विषय आलाच. चाळिसाच्या वर पारा गेल्यावर प्लास्टिकचं डायपर दिवसभर बांधलं तर खाली ओल कोंडून कातडी सोलवटते. पाहुणे येणार असतील तेवढा तासभर बांधा आणि काढा. त्यापेक्षा आपल्या सोलापूरचाच पांढरा टर्किश टॉवेल अंथरा. डाग लगेच दिसतो आणि त्याचा रंग रोज पाहता येतो. लालचा गुलाबी, गुलाबीचा पिवळसर कधी झाला हे कळणं इथे सोन्याच्या मोलाचं. टॉवेल गार पाण्यात धुवा, गरम पाण्याने रक्त पक्कं बसतं. वास लपवायला कापूर किंवा व्हिक्स चोळायचा सल्ला कुणीतरी देतोच. तो ऐकू नका. नर फसत नाहीत आणि कुत्री ते चाटते. कापूर तिला विषारी आहे. फिरायला पहाटे न्या, पट्टा आखूड धरून, रोजची वाट बदलून.

एवढं करूनही कुत्री सुटली आणि नराला अडकली, तर ओढू नका, काठी मारू नका, पाणी ओतू नका. पंधरा मिनिटं ते अर्धा तास, कधी त्याहून जास्त, ती दोघं तशीच राहतात. ओढल्याने दोघांना इजा होते, गर्भ टळत नाही. नंतर डॉक्टरांकडे न्या. पिल्लांचा प्रश्न त्रेसष्ट दिवसांचा आहे. त्याशिवाय भटक्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी गाठ आढळते. ती औषधाने बरी होते, पण काही आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागतात. गर्भ राहू नये म्हणून कुणी मेडिकलमधून परस्पर इंजेक्शन आणून देत असेल तर मुळीच देऊ नका. संप्रेरकांच्या अशा इंजेक्शनांनी गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो.

हा पू माज संपल्यावर दोन ते आठ आठवड्यांत होतो. कुत्री एकदम खूप पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, उलट्या झाल्या, घाणेरड्या वासाचा स्राव आला, तर उद्यावर टाकू नका. कधी स्राव येतच नाही, पू आतच साठतो आणि ते जास्त घातक. त्याच सुमारास काही कुत्र्यांना गाभण नसताना दूध येतं, त्या चपला गोळा करून पिल्लांसारख्या कुशीत घेतात. हे बहुधा आपोआप ओसरतं. आचळ पिळायचे मात्र नाहीत, पिळले की दूध वाढतं. आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. गोचीड. गोचीडतापात रक्त गोठायला वेळ लागतो आणि माजाचं रक्त थांबता थांबत नाही. हिरड्या पांढऱ्या दिसल्या, नाकातून रक्त आलं, तर रक्त तपासून घ्या.

पहिल्याच माजाला नर लावू नका, कुत्रीचं अंग अजून भरलेलं नसतं. पिल्लं नकोच असतील तर नसबंदी करा, पण माजात नको. तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. दोन-तीन महिने थांबून करावी. उंच जातींना नेमकं कधी करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण ही मालकाचीच जबाबदारी आहे.

आणि पहिला ठिपका दिसेल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने खूण करा. दवाखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न हाच असतो, “रक्त पहिल्यांदा कधी दिसलं?” आमच्या तांबड्या चादरीमुळे मला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं.