वकील कोणता करू?

इंदूर–खंडवा रस्त्यावरील अपघातात मज्जारज्जूस इजा झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी मला खाली पाहत विचारले, "डॉक्टरसाहेब, वकील कोणता करू?" "ते आमचे क्षेत्र नव्हे," असे म्हणून मी मोकळा झालो. त्याची खंत आजही आहे.

अशा वेळी मध्यस्थ 'मिळेल त्यात निम्मे' असा सौदा करतात. भरपाईत हिस्सा ठरविणे वकिलांच्या आचारनियमांत निषिद्ध आहे, हे पालकांस ठाऊक नसते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बालकास, उत्पन्न न पाहता, विनामूल्य वकील मिळू शकतो. जिल्हा प्राधिकरणाचे कार्यालय किंवा 15100 हा क्रमांक, एवढे तरी आपण सांगावे. मोटार अपघाताच्या दाव्यास 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली; तिच्यावर न्यायालयीन वाद झाला असला, तरी विलंब नको.

वकिलाची पारख सोपी आहे: तो केवळ झालेली बिले मागतो, की मुलाच्या पुढील आयुष्याची चौकशी करतो? अपघातसमयी 12 वर्षांच्या, मेंदूस इजा झालेल्या एका मुलीस सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये केवळ परिचारकांच्या खर्चापोटी 21 लाख 60 हजार रुपये मंजूर केले.

मात्र वकील मांडणार ते आपण लिहिलेलेच. लहान मुलांत एक्स-रे निर्दोष असूनही मज्जारज्जू दुखावलेला असू शकतो. म्हणून पहिल्या दिवसाची स्नायूंची शक्ती, संवेदना, लघवीवरील ताबा, पुढे लागणारे कॅथेटर, वाढत्या अंगाबरोबर बदलावी लागणारी चाकांची खुर्ची, हे सारे नोंदवावे. घाईने लिहिलेले दोन ओळींचे डिस्चार्ज कार्ड त्या बालकाचा हक्क हिरावू शकते.