जुना गिअरबॉक्स घेताय? आधी दाते मोजा!

बेंगळूरच्या इंदिरानगरात शंभर फुटी रस्त्यावरून धावणाऱ्या हिरव्या पाटीच्या गाड्यांकडे आता कुणी वळून पाहत नाही. पण याच शहरात २००१ साली ‘रेवा’ ही विजेवर चालणारी चिमुकली गाडी विक्रीला आली, तेव्हा ती मोठ्या कौतुकाचा विषय झाली होती. २०१० मध्ये ही कंपनी महिंद्रांकडे गेली आणि २०१३ मध्ये ‘ई-टू-ओ’ आली. आज या दोन्ही गाड्या नव्या मिळत नाहीत. त्यामुळे हौसेने सांभाळलेल्या अशा गाडीचा गिअरबॉक्स घरघरू लागला, की मालकाला जुन्या सुट्या भागांचा बाजार धुंडाळावा लागतो. ‘त्याच गाडीचा आहे, डोळे मिटून बसवा,’ असे विकणारा सांगतो. मात्र हीच वेळ डोळे उघडे ठेवण्याची असते.

विजेच्या गाडीला गिअरबॉक्स कशाला, असे पुष्कळांना वाटते. मोटर फार वेगाने फिरते. तो वेग कमी करून चाकांना जोर देणे, हे या पेटीचे काम. बहुतेक गाड्यांत तिला एकच गिअर असतो, क्लच नसतो. म्हणूनच ती साधी वाटते आणि फसगत होते.

पहिली गोष्ट म्हणजे केवळ गाडीचे नाव पाहून खरेदी करू नये. सुरुवातीच्या ‘रेवा’त डीसी मोटर होती, नंतरच्या ‘रेवा-आय’मध्ये एसी मोटर आली. नाव जवळपास तेच, पण मोटर वेगळी. मग एकीचा गिअरबॉक्स दुसरीला बसेलच असे कसे धरावे? आपल्या गाडीचे वर्ष, मॉडेल आणि जुन्या पेटीवरचा क्रमांक लिहून न्यावा व दोन्ही क्रमांक ताडून पाहावेत.

मग मोटरच्या दांड्यावरचे दाते मोजावेत. ते पेटीतल्या खाचांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. बोल्टची भोके, चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे दाते व लांबी, सेन्सरची जोडणी हेही पडताळावे.

बाहेरून दिसत नाही ते गिअरचे प्रमाण. ते तपासण्याची सोपी युक्ती आहे. चाकाकडचा एक दांडा घट्ट धरावा आणि मोटरकडची बाजू हाताने फिरवावी. तिचे नऊ फेरे झाल्यावर चाकाकडचा दुसरा दांडा दोनदा फिरला, तर प्रमाण ९:१ समजावे. कारण एक बाजू अडवली की दुसरी दुप्पट फिरते. प्रमाण मूळच्यापेक्षा कमी असेल तर चढावर गाडी दमते व मोटर तापते. जास्त असेल तर गाडीचा कमाल वेग घटतो. मोटरच्या फेऱ्यांवरून वेग दाखवणाऱ्या गाडीत काटाही चुकीचा वेग दाखवतो.

पेटीतले थोडे तेल काढून पाहावे. त्यात धातूचे चमचमते कण किंवा तुकडे दिसले, तर स्वस्त मिळते म्हणून मोह धरू नये.

अलीकडच्या अनेक गाड्यांत मोटर, गिअरबॉक्स आणि वीज नियंत्रित करणारी यंत्रणा एकाच संचात असते. असा संच नुसता बसवून भागत नाही. काही गाड्यांत तो संगणकाद्वारे गाडीशी जुळवून घ्यावा लागतो. ते काम कोण करील, हे आधीच ठरवावे. शिवाय या गाड्यांच्या नारिंगी तारांतून शेकडो व्होल्टचा प्रवाह वाहतो. घरच्या घरी पाने-पेचकस घेऊन तिथे हात घालणे जिवावर बेतू शकते. ते काम प्रशिक्षित मेकॅनिकचेच.

शेवटी कागदपत्रे. पावतीवर मूळ गाडीचा चासी क्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे चोरीचा माल गळ्यात पडण्याची भीती कमी होते. सोबत मोटरही बदलली जात असेल, तर आरटीओ आणि विमा कंपनीकडे आधी चौकशी करावी. गिअरबॉक्स न जुळल्यास परत घेण्याची अट लेखी असावी.

पेटी उतरवणे आणि बसवणे यांची मजुरी दोनदा मोजण्यापेक्षा, दाते एकदा मोजलेले काय वाईट?