नट, युनियन आणि डिसमिस

इंग्रजीतल्या एकेका अवजाराच्या नावाला किती अर्थ चिकटलेले असतात, याच्या याद्या आपण सगळ्यांनीच शाळेत घोकल्या आहेत. ‘आयर्न’ म्हणजे लोखंड, इस्त्री आणि गोल्फ खेळायची काठी. ‘बोल्ट’ म्हणजे आट्यांचा खिळा, कडी, कापडाचा तागा आणि कडाडणारी वीज. त्या याद्या मी इथे पुन्हा उतरवत बसत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की हे शब्द वसई पूर्वेच्या गाळ्यांत उतरले तेव्हा ते आपलं सगळं गाठोडं घेऊन आले नाहीत. प्रत्येक अर्थ वेगळ्या दाराने आला, आणि कोणत्या दाराने कोणाला आत घ्यायचं हे वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर इथल्या मिस्त्र्यांनी आणि हेल्परांनी ठरवलं. कोशमंडळांनी नव्हे.

‘नेल’ घ्या. इंग्रजांचं राज्य येऊन गेलं, पण लोखंडी खिळ्याला आपल्याकडे कोणी ‘नेल’ म्हटलं नाही. खिळा, मोळा आणि बारीक असेल तर चूक, असे तीन शब्द आधीच ठाण मांडून बसले होते. मग तोच ‘नेल’ पुढे नेलपॉलिश आणि नेलकटरच्या रूपाने थेट बोटांवर आला. ‘आयर्न’चीही तीच गत. लोखंड हलेना, इस्त्री हलेना, तेव्हा हा शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीतून शिरला. आज आमच्या भागात ‘आयर्न’ म्हणजे गरोदर बाईच्या गोळ्या, दुसरं काही नाही. ‘हॅमर’ बाहेरच राहिला. ‘सॉ’ही बाहेरच, पण त्याचा धाकटा भाऊ हेक्सा ब्लेड होऊन आत आला, कारण लोखंड कापणारं ते पातं सुताराच्या करवतीपेक्षा वेगळं होतं.

‘फाइल’वर थोडं बोललं पाहिजे. कचेरीतली फाइल आली, गाळ्यातली कानस राहिली. आयटीआयची पोरं सुरुवातीचे महिने शेगड्यात लोखंडाचा तुकडा आवळून तो घासत असतात. परीक्षेच्या कागदावर ती ‘फ्लॅट फाइल’, ‘हाफ राउंड फाइल’ लिहितात आणि कागद दिला की पुन्हा ‘कानस दे रे’ म्हणतात. आता गंमत अशी की इंग्रजीतही हे दोन वेगळ्या मुळांचे शब्द आहेत. कागदांची फाइल लॅटिनमधल्या दोऱ्याच्या शब्दावरून आली, कारण कागद दोऱ्यात ओवून ठेवत. घासायची फाइल जुनी जर्मानिक. म्हणजे एका शब्दाचे अनेक अर्थ म्हणून जे आपल्याला शिकवतात, त्यातला बराचसा माल निव्वळ सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा असतो. शिसं आणि पुढारीपण इंग्रजीत एकाच अक्षरांत लिहितात. देवनागरीत लेड वेगळं, लीड वेगळं, भांडण मिटलं. उलट जे इंग्रजीत वेगळं दिसतं ते आपण एकत्र करतो. साच्याची डाय आणि केसांची डाय आपल्याकडे एकच. ‘येथे डाय मिळेल’ अशी पाटी असेल तर आत प्रेसमशीन आहे की आरसा, हे आत शिरल्यावरच कळतं. आणि ‘नट’बद्दल काय सांगावं! महामार्गाच्या एका अंगाला पेटीभर नट किलोवर विकले जातात. दुसऱ्या अंगाला नायगावच्या मालिकांच्या सेटवर तेच दिवसाच्या बोलीवर मिळतात. ‘कास्टिंग’ही दोन्हीकडे चालतं. एकीकडे बीड ओततात, दुसरीकडे माणसं निवडतात.

बीड म्हणजे ओतीव लोखंड, हे आता सांगावं लागतं. नव्या पिढीला तो जिल्हाच आठवतो. घरातल्या धातूंचं फार लांबवत नाही, त्यावर सगळेच लिहितात. स्टील म्हणजे न गंजणारं तेवढंच, ॲल्युमिनियम म्हणजे जर्मन किंवा जर्मल, आणि पाणी प्यायला स्टीलचा ग्लास, म्हणजे पोलादाची काच! यात कोणाला विसंगती दिसत नाही, दिसायचं कारणही नाही. पुढे जाऊ.

‘ब्रास’पाशी मात्र थांबावं लागेल, कारण तो अस्सल आमच्या तालुक्याचा शब्द झाला आहे. कोशात पाहाल तर ब्रास म्हणजे पितळ. आमच्याकडे पितळेचे बुश आणि फिटिंग करणारे गाळे आहेत, तिथे तो अर्थ चालतो. पण रस्त्यावर येऊन ट्रकवाल्याला विचारा. त्याच्या लेखी ब्रास म्हणजे 100 घनफूट, सरकारी मापात साधारण 2.83 घनमीटर. वैतरणेच्या खाडीतली रेती ब्रासवर मोजली जाते, खडी ब्रासवर येते, स्वामित्वधनाच्या पावतीवरही ब्रासच असतो. गिलाव्याचा मिस्त्री तर शंभर चौरस फुटांनाही ब्रास म्हणतो. पितळेचा इथे कणभर संबंध नाही. एकदा एका साहेबांनी, बाहेरून बदलून आलेले, ‘अमुक ब्रास रेती’ वाचून रेतीत पितळ मिसळतात का असं विचारलं होतं. हसू नका, त्यांचं इंग्रजी चांगलं होतं म्हणून असं झालं.

रेतीवरून आठवलं. मराठी माणसाला रेती म्हणजे वाळू. उत्तरेकडच्या कारागिराला रेती म्हणजे कानस. गाळ्यांत हे दोघे शेजारी शेजारी काम करतात. उस्तादाने ‘रेती ला’ म्हटलं आणि नवा पोरगा बाहेरच्या ढिगाऱ्यातून घमेलंभर वाळू घेऊन आला, हा किस्सा मी निरनिराळ्या गाळ्यांत निरनिराळ्या पोरांच्या नावावर ऐकला आहे. निदान एकदा तो माझ्यासमोर घडला, आणि त्या पोराने पुढे स्वतःचा गाळा टाकला.

आता माझ्या लाडक्या शब्दाकडे येतो, ‘डिसमिस’. मुंबईच्या कारखान्यांत गुजराती मालक आणि गुजराती मिस्त्री यांच्या तोंडून स्क्रूड्रायव्हरला हे नाव आलं आणि वसईच्या गाळ्यांतही रुळलं. उत्तरेकडचे पेचकस म्हणतात, कागदावर स्क्रूड्रायव्हर लिहितात, पण हात पसरून मागायचं असेल तेव्हा डिसमिसच. आणि त्याच छपराखाली, त्याच माणसाच्या बाबतीत, डिसमिसचा दुसरा अर्थही हजर असायचा, कामावरून काढून टाकणं. सकाळी ‘बारका डिसमिस दे’ आणि संध्याकाळी ‘बारक्याला डिसमिस दिला’. कानाला फरक जेमतेम, पोटाला भरपूर. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, आणि त्यानंतर परळ-लालबागची कितीतरी घरं नालासोपारा-विरारकडे सरकली. त्यातले बरेच हात छोट्या गाळ्यांत आले. त्यांच्या लेखी या शब्दाचा आधी दुसराच अर्थ होता. पहिला त्यांनी इथे येऊन शिकला.

‘युनियन’चंही तेच. गिरणीवाल्याला युनियन म्हणजे लाल बावटा, वर्गणी, सभा. प्लंबरला युनियन म्हणजे दोन पाइप न फिरवता जोडायची आणि लागेल तेव्हा मधूनच खोलायची तीन तुकड्यांची फिटिंग. ‘युनियन ढिली पडली की गळती लागते’ हे वाक्य कोणत्या युनियनविषयी आहे, ते बोलणाऱ्याच्या हातात पाना आहे की पत्रक, त्यावर ठरायचं. एल्बो, निपल, टी, कपलिंग ही पाइपांची सगळी मंडळी इंग्रजीतच राहिली, कारण नळ आपल्याकडे होता पण लोखंडी पाइपांचं जाळं नव्हतं. वस्तू नवी, नाव नवं. एवढी साधी गोष्ट शुद्धिवाल्यांना समजावता समजावता माझे केस पिकले.

त्यांच्याशी माझं जुनं भांडण आहे. नावं घेत नाही, ती मंडळीही हा अंक वाचतात. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांवर माझा राग नाही. यंत्र अभियांत्रिकीचा आणि धातुशास्त्राचा कोश माझ्या कपाटात अजून आहेत, आणि कागदोपत्री लिहिताना ते कामाला येतात. राग आहे तो कोश हातात घेऊन गाळ्यातल्या माणसाची भाषा अशुद्ध ठरवणाऱ्यांवर. स्क्रूसाठी मळसूत्र हा जुना, देखणा शब्द आहे, मान्य. पण गाळ्यात ‘आटा’ जिवंत आहे. आटे पाडतात, आटा बसतो, आटा जातो. टॅपने आतले आटे, डायने बाहेरचे. आणि इथला टॅप म्हणजे नळ नव्हे, हे शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यातच उमगतं. दुसऱ्या टोकाला इंग्रजी शाळेतून आलेले सुपरवायझर, ज्यांना हे सगळं अडाणी वाटतं. फ्रीव्हीलमधल्या खटक्याला सायकलवाला कुत्रं म्हणतो तेव्हा त्यांना हसू येतं. पण लेथवर जॉब धरून फिरवणाऱ्या कॅरियरला इंग्रजही ‘डॉग’च म्हणतात, ते त्यांना ठाऊक नसतं. ‘क्रेन’ हा बगळ्यासारखा दिसणारा पक्षी आहे, याचंही त्यांना हसू येत नाही.

आणि अनेकार्थी शब्द ही काय इंग्रजीचीच मिरासदारी? आमच्या एका तालुक्यात भुईगावचा शेतकरी नांगर जमिनीत घालतो आणि अर्नाळ्याचा, पाचूबंदरचा कोळी नांगर पाण्यात टाकतो. इंग्रजाला त्यासाठी दोन शब्द लागतात. ‘टेंपर’ म्हणजे धातूची धार आणि माणसाचा स्वभाव, असं कौतुकाने सांगतात. आमचा लोहार कोयत्याला पाणी पाजतो, तलवारीला पाणी असतं, माणूस पाणीदार असतो आणि समोरच्याचं पाणी जोखताही येतं. एकाच शब्दात भट्टीपासून स्वभावापर्यंत सगळं आलं.

वसईला हे परके शब्द इंग्रजांनी पहिल्यांदा आणले असंही नाही. 1534 ते 1739 इथे पोर्तुगीज होते. चावी त्यांची, बालदी त्यांची, घमेलं, पिंप आणि काडतूस त्यांचं, आणि मिस्त्री हा शब्दही त्यांच्या ‘मेस्त्रे’चा. गोव्याच्या दलगादो यांनी 1913 साली या शब्दांवर अख्खा ग्रंथ लिहिला. पोर्तुगीजांचा ‘चावी’चा मूळ शब्द कुलपालाही चालतो आणि पान्यालाही. आमच्या गाळ्यांतला उत्तरेकडचा मेकॅनिक पान्याला ‘चाबी’ म्हणतो, ‘चौदा की चाबी’ मागतो, आणि मराठी माणूस त्यालाच ‘चौदाचा पाना’ म्हणतो. शाफ्ट आणि पुली एकत्र फिरावी म्हणून खाचेत ठोकतात ती तिसरी चावी. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतल्यावर इथल्या चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात गेल्या, भीमाशंकरला गेल्या. तोफ आणि घंटा दोन्ही तांबं आणि कथलाच्याच. म्हणून तर ‘गनमेटल’ हे नाव. आज गनमेटल म्हणजे पंपाचा बुश, नाहीतर मोबाइलच्या पाठीचा राखाडी रंग.

मापांची भाषा मात्र मला सगळ्यांत प्रिय, आणि तीच सगळ्यांत वेगाने चालली आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, तीन सूत सळई म्हणजे आताची दहा मिलिमीटरची. दशमान पद्धतीचा कायदा 1956 चा, पण बांधकामावर अजून सूत चालतं. सुताच्या खाली थाव, इंचाचा हजारावा भाग. ‘दहा थावचा कट दे’ म्हटलं की टर्नरचा हात हँडलवर आपोआप किती फिरवायचा ते जाणायचा. आणि गेज! पत्र्याचा गेज वाढला की पत्रा पातळ होतो. 16 गेज सुमारे 1.6 मिलिमीटर, 22 गेज जेमतेम 0.7. नव्या माणसाला हे उलटं का ते कळत नाही. बारा बोअरच्या बंदुकीतही तसंच: नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड. गोळ्या जास्त, नळी बारीक. पुढे हाच गेज रुळांच्या रुंदीला लागला आणि तिथे तो सरळ झाला, ब्रॉड म्हणजे रुंद. विरारहून 1867 मध्ये बॅकबेला गाडी जायला लागली ती याच रुंद रुळांवरून.

आता गाळ्यांत सीएनसी आल्या. अचूकपणाबद्दल तक्रार नाही, माझ्या थावपेक्षा त्यांचा मायक्रॉन बारीक. पण यंत्राला नाव लागत नाही, नंबर लागतो. ‘टूल नंबर चार लावा’. चार म्हणजे काय, ते पडद्यावर. ‘ऑफसेट’ विचाराल तर पोरगा आकडा सांगतो. छापखान्यातल्या ऑफसेटशी त्याचं काही नातं असेल, असं त्याच्या स्वप्नातही येत नाही. स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात उभा राहिलो की ऐकू येतं, ‘ते द्या ना, असं असं’, आणि मोबाइलवर फोटो. दुकानदारही फोटो पाहूनच डबा काढतो. त्याच्या वडिलांना मी ‘पाव इंची टॅप, तिसरा’ म्हटलं की पुरायचं; पहिला तिरका, दुसरा मधला, तिसरा तळाचा, त्यांना सांगावं लागत नसे. हार्डवेअर म्हटलं तर आता निम्मी गिऱ्हाइकं कॉम्प्युटरच्या केबलीही मागतात, आणि त्या तिथे मिळतातही.

हे शब्द कोणीतरी आवाजासकट टिपून ठेवायला हवेत, कोणता शब्द कोणत्या गाळ्यात, कोणत्या कामाला, कोणाच्या तोंडी. मी वह्यांमधून जमेल तेवढं केलं आहे. त्या वह्या मागणाऱ्याला मिळतील, फक्त तेलाचे डाग सोसायची तयारी हवी.

जाता जाता मुद्रितशोधकांना एक विनंती. मागे एका अंकात माझ्या ‘थाव’चा ‘ठाव’ आणि ‘मोळ्यां’च्या ‘मोळ्या’ झाल्या होत्या. वर लिहिलं आहे ते तसंच छापावं. खिळ्यांच्या ओळीतली ‘चूक’ तर मुळीच दुरुस्त करू नये. ती अर्ध्या इंचाची आहे आणि जागच्या जागी ठोकलेली आहे.