घराची डागडुजी : माल पारखून घ्या, कारागीर पाहून लावा



रब्बीची सुगी आटोपली, माल बाजारात गेला, हाती चार पैसे आले की घराकडे लक्ष जाते. पडवीचे पत्रे गळतात, धान्याच्या खोलीची जमीन उकरली आहे, भिंतीचा गिलावा सुटला आहे. मग घाईघाईने गवंडी बोलावला जातो आणि "मृगाच्या आत उरकून टाका" असे सांगून आपण मोकळे होतो. दोन पावसाळे गेले की तेच काम पुन्हा काढावे लागते. म्हणून हे पत्रक. रेडिओवर ऐकलेले आकडे ध्यानात राहत नाहीत. कागद खुंटीला अडकवून ठेवा, काम काढताना वाचा.

आधी घरचीच गोष्ट सांगतो. मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी वडिलांनी धान्याच्या खोलीत सिमेंटचा कोबा केला. सिमेंट चांगले, गवंडीही हाताचा चांगला. पण काम काढले ते मे महिन्यात. विहिरीने तळ गाठला होता. गवंडी जाताना सांगून गेला, "मालक, पाणी मारा." आम्ही दोन दिवस मारले, तिसऱ्या दिवशी जनावरांनाच पाणी पुरेना. दिवाळीपर्यंत कोब्याची भुकटी निघू लागली, कडेने उंदरांनी वाट केली आणि पुढच्या पावसात ओल वर येऊन आठ पोती ज्वारी कुबट झाली. दोष ना सिमेंटचा, ना गवंड्याचा. दोष आमचा.

काम केव्हा काढावे

सिमेंट वाळते म्हणून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होते. पेरणीनंतर पीक जसे ओलीवर उभे राहते तसेच हे आहे. साध्या सिमेंटच्या कामाला किमान ७ दिवस आणि हल्ली बाजारात जास्त मिळणाऱ्या राख मिसळलेल्या, म्हणजे पीपीसी सिमेंटच्या कामाला किमान १० दिवस सतत ओल हवी. उन्हाळ्यात १४ दिवस धरा. म्हणून विहिरीला पाणी असते तेव्हा, संक्रांतीपासून होळीपर्यंत, काम उरकणे शहाणपणाचे. पाणी कमीच असेल तर कोब्यावर ओली पोती अंथरा, किंवा कडेने मातीची वरंबी घालून वाफ्यासारखे पाणी कोंडा. पाणी पिण्याजोगे असावे. खाऱ्या पाण्याने लोखंडी सळई गंजते.

माप आधी शिका

वाळू आणि खडी ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली आली की लगेच रिकामी करू देऊ नका. वरचा ढीग सपाट करायला लावा आणि आतून माप घ्या. लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि मालाची उंची दीड फूट असेल तर ९० घनफूट झाले. म्हणजे ब्रासला १० घनफूट कमी. कापूस वजन केल्याशिवाय आपण देत नाही, मग वाळू मोजल्याशिवाय का घ्यावी? वाहतुकीचा परवाना किंवा पावतीही मागा. चोरटी वाळू स्वस्त मिळते, पण भानगड आपल्या दारात येते.

अंदाजासाठी एक हिशेब देतो. १० फूट बाय १२ फूट खोलीत ३ इंच जाडीचा, १ भाग सिमेंट, २ भाग वाळू, ४ भाग खडी असा कोबा करायचा तर साडेपाच गोणी सिमेंट, १३ घनफूट वाळू आणि २६ घनफूट खडी लागते. कोणी दहा गोण्या सांगितल्या, तर कशाला लागतात ते विचारा.

माल कसा पारखावा

बियाण्याच्या पिशवीवरची खूणचिठ्ठी आपण वाचतो, तशीच सिमेंटची गोणी वाचावी. तिच्यावर आयएसआय खूण, ५० किलो वजन आणि भरल्याचा आठवडा किंवा महिना व वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट घेऊ नका. साठवणीत त्याची ताकद उतरत जाते. गोणीत हात घालून पाहा. गार लागले पाहिजे, खडे लागता कामा नयेत. चिमटीत फुटणार नाही असा खडा असेल तर गोणी परत करा. घरी आणल्यावर जमिनीपासून अर्धा फूट उंच फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर अंतर ठेवून रचा. एकावर एक दहापेक्षा जास्त गोण्या नकोत.

वाळूची परीक्षा बाटलीत होते. सरळ बाजूची काचेची बाटली अर्धी वाळूने भरा, त्यात पाणी आणि अर्धा चमचा मीठ घालून जोराने हलवा आणि तीन तास न हलवता ठेवा. वाळू खाली बसते, गाळ तिच्यावर बसतो. पट्टीने मोजा. १० सेंटिमीटर वाळूवर ८ मिलिमीटरपेक्षा जास्त गाळ असेल तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नका. ओढ्याची मातकट वाळू फुकट मिळाली तरी महाग पडते. यंत्राची, म्हणजे क्रश सँड घेत असाल तर गिलाव्याची बारीक आणि बांधकामाची जाड वेगळी येते. वाळूच्या नावाखाली खाणीवरची नुसती भुकटी तर गळ्यात मारली जात नाही ना, हे पाहा.

विटेवर वीट आपटली की भांड्यासारखा खणखणीत आवाज यावा. कंबरेच्या उंचीवरून सोडली तर तुकडे होऊ नयेत, नखाने ओरखडा उठू नये. शंका असेल तर कोरडी वीट तोला, दिवसभर आणि रात्रभर पाण्यात ठेवून पुन्हा तोला. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमपेक्षा जड झाली तर ती जास्त पाणी पिते, पावसात ओल देईल.

पत्र्याचा गेज पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. आकडा मोठा तितका पत्रा पातळ. एकाच मापाचे दोन पत्रे तोलून पाहिले की फरक कळतो. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकाकडून मांडत यावेत, म्हणजे जोडाचे तोंड वाऱ्याला मिळत नाही. खालच्या पत्र्यावर वरचा पत्रा निदान ६ इंच चढावा. हूक-बोल्ट पन्हाळीत नव्हे, उंचवट्यावर घ्यावा आणि त्याखाली वायसर असावाच. निम्म्या गळत्या या एवढ्या चुकीने होतात.

जुन्या भिंतीवर नवा भार नको

हे जरा गंभीरपणे वाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद, अशी तिथली बहुतेक घरे होती. भिंती फाकल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. गळते म्हणून दरवर्षी माळवदावर मातीचा नवा थर चढवू नका. आधी जुना थर उतरवा. मातीतल्या जुन्या भिंतीवर स्लॅब टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाला काम देऊ नका. दगडी भिंत नव्याने रचताना मधून मधून भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालायला सांगा. आणि मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. तो धरत नाही, फुगून सुटतो. तिथे माती-भुशाचाच गिलावा बरा.

कारागीर कसा निवडावा

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. गवंडी लावताना मात्र "पाहुण्यांनी सांगितला" एवढ्यावर भागवतो. तसे करू नका. त्याने दोन पावसाळ्यांपूर्वी केलेले काम पाहा. नवे काम सगळ्यांचेच छान दिसते. त्या घरात गेलात की कारभाऱ्याला विचारू नका, घरच्या बाईला विचारा. कुठे गळते, कुठे ओल येते, हे तिला ठाऊक असते.

त्याची हत्यारे पाहा. ओळंबा, गुण्या आणि पाण्याची लेव्हल-नळी ज्याच्याकडे नाही त्याच्या भिंतीचा भरवसा नाही. कोपरा काटकोनात आहे का, हे तुम्हीही पाहू शकता. कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करा. दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट भरले पाहिजे.

दगडी कामाचा गवंडी स्लॅबला चालेलच असे नाही, आणि गवंड्याच्या भाच्याने विजेची तार ओढू नये. त्याला परवानाधारक वायरमनच हवा. अर्थिंग केल्याशिवाय गोठ्यात दिवासुद्धा लावू नका. ओल्या गोठ्यात जनावर आधी जाते.

कामावर उभे राहून तीन गोष्टी पाहा. पहिली, माल घमेल्याने अंदाजे न घेता मापाच्या पेटीने मोजला जातो का. आतून ३५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि ४० उंच अशी लाकडी पेटी केली की तिच्यात बरोबर एक गोणी सिमेंटचे माप बसते. तिनेच वाळू-खडी मोजावी. दुसरी, काँक्रीटला गोणीमागे २५ ते २८ लिटरच पाणी जाते का. पातळ माल पसरायला सोपा, पण कामाला कच्चा. तिसरी, पाणी घातलेला गिलाव्याचा माल अर्ध्या तासात वापरला जातो का. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा पाणी घालून मळलेला माल भिंतीला लावू देऊ नका.

पैशाचा व्यवहार

रोजंदारीने काम रेंगाळते, उक्ते दिले तर घाई होते. छोट्या डागडुजीला रोजंदारी आणि मोठ्या कामाला उक्ते, पण माल आपण आणावा, हे बरे. दुकान गवंडी दाखवील, भाव मात्र दोन ठिकाणी विचारा आणि पावती आपल्या नावाने घ्या.

वहीच्या एका पानावर लिहून दोघांनी सही करावी : कोणते काम, किती चौरस फूट, मालाचे प्रमाण काय, दर काय, कधी पुरे होणार, पाणी कोण मारणार. उचल थोडीच द्या, पुढचे पैसे झालेल्या कामाप्रमाणे द्या. शेवटचा दहावा हिस्सा पाणी मारण्याचे दिवस संपून छपरावर पाण्याच्या घागरी ओतून पाहिल्यावर द्यावा. पण काम चोख असेल तर तो हिस्सा त्याच दिवशी हातात ठेवा. चांगल्या गवंड्याला दारात खेटे घालायला लावले तर पुढच्या वर्षी तो तुमच्या घरी येणार नाही.

मंडळी, घर काही दरवर्षी बांधत नाही. पेरणीइतकेच लक्ष त्याला द्या. या हंगामात काही काढायचे असेल तर आज एवढेच करा : एक काचेची बाटली घ्या, वाळू भरा आणि तीन तास थांबा. पुढचे ती बाटलीच सांगेल.