शहानूरच्या दोन काठांवर

इतिहासाच्या पुस्तकात आपल्या गावाचं नाव एका ओळीत येतं. '30 डिसेंबर 1803, सुर्जी-अंजनगावचा तह.' परीक्षेत जोड्या लावायला ही ओळ बरी पडते, मग विसरली जाते. आमच्या मंडळात एकदा मी विचारलं, हा तह कोणाकोणात झाला गं? बारा-पंधरा बाया होत्या, त्यातल्या दोघींनी सांगितलं. बाकीच्या हसल्या. "ताई, आमाले सासू-सुनेचा तह पुरते!" एक जण म्हणाली.

पण ऐकण्यासारखी गोष्ट आहे ती. दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांचं युद्ध पेटलं होतं. सप्टेंबरमध्ये असईची लढाई झाली, 29 नोव्हेंबरला आपल्या अडगावची, आणि 15 डिसेंबरला गाविलगड पडला. ज्या गाविलगडावर आपण चिखलदऱ्याला गेलो की फोटो काढतो, तोच. नागपूरकर भोसल्यांनी 17 डिसेंबरला देवगावला तह केला आणि तेरा दिवसांनी शिंद्यांनी इथे. दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, गंगा-यमुनेमधला दुआब, भडोच, अहमदनगरचा किल्ला, एवढं सगळं शहानूर नदीच्या काठी एका कागदावर गेलं.

इंग्रजांतर्फे सही करणारा आर्थर वेलस्ली पुढे स्पेनमध्ये लढला, 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगप्रसिद्ध झाला. स्पेनमध्ये सालामांका शहराजवळ आरापिलेस नावाचं लहानसं खेडं आहे. 1812 ची त्याची एक मोठी लढाई तिथली. त्या खेड्यात टेकडीवर स्मारकाचा खांब आहे, लढाईची माहिती सांगणारं छोटं दालनही आहे. एवढंसं गाव, पण आलेल्या पाहुण्याला आपली गोष्ट सांगतं. आपल्याकडे पाहुणा आला की आपण चहा देतो आणि चिखलदऱ्याचा रस्ता दाखवतो.

तह झाला तेव्हा सुर्जीचे देवनाथ महाराज 49 वर्षांचे होते. एकनाथांच्या परंपरेतले हे कवी आणि कीर्तनकार. त्यांचा मठ सुर्जीत आजही नांदता आहे. त्यांचे शिष्य दयाळनाथ हेही कवी. शिंद्यांचं राज्य आटलं, इंग्रज आले नि गेले, मठातलं कीर्तन मात्र थांबलं नाही. मला तरी तहापेक्षा हे मोठं वाटतं.

आणि आपले पानमळे! बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही शेती. संत रुपलाल महाराज याच समाजातले, याच गावचे. मळ्यात शिरताना चपला बाहेर काढायच्या, कारण नागवेल ही देवता. म्हणून तर नागपंचमी हा या घरांचा मोठा सण. पाळीच्या दिवसांत बाईने मळ्यात पाऊल टाकायचं नाही, असंही जुनी माणसं सांगतात. हे काही मला पटत नाही. वेलीला पाणी लागतं, सावली लागते, बाकी तिला काय कळतं?

पानांबरोबर पानपिंपळी. सुंठ, मिरी, पिंपळी या त्रिकटूतली ही पिंपळी आपल्या अंगणात वाळते. पांगारा, हेटा यांच्या आधाराने वेल चढते. वेचायला बाया, वाळवायला बाया, निवडायलाही बायाच. सातबाऱ्यावर मात्र त्यातल्या किती जणींचं नाव आहे, हे घरोघरी विचारून पाहा. विहिरी खोल गेल्या, मजुरी वाढली, पोरं शहरात गेली, तसे मळे मोडत चाललेत. एकदा मोडलेला मळा पुन्हा उभा करणं सोपं नसतं.

शकुंतलेची आठवण तर माहेरवाशिणींनाच विचारावी. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटरची ही छोटी गाडी कापूस नेण्यासाठी टाकलेली, पण तिने नेल्या लेकीबाळी. दर्यापूरच्या लेकी तिनेच दिवाळीला यायच्या. आता गाडी बंद आहे, रुळांत गवत वाढलंय.

माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो भुलाबाईत. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलोजी, भुलाबाई आणि गणोबा घरी बसतात. ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर, टिपऱ्या, आणि शेवटी डबा वाजवून खिरापत ओळखायची. गाण्यांत सासर-माहेरचं सगळं सांगून टाकलेलं. ज्या काळी बाईला तोंड उघडायची सोय नव्हती, त्या काळी तिने सासूला, नणंदेला, नवऱ्यालाही चांगलंच सुनावलंय ते याच गाण्यांत.

गेली काही वर्षं आम्ही गल्लीतल्या मुली गोळा करतो. पहिल्या वर्षी सहा आल्या, त्यातही दोघी मोबाइलमध्ये. शेजारच्या ऐंशीच्या आजी आल्या, त्यांनी एकामागून एक सतरा गाणी म्हटली. मुलींनी ती वहीत उतरवून घेतली. आजी म्हणाल्या, "लिवून घेता तं घ्या, पन म्हना बी. वहीत ठेवून काय गानं वाजते?"

अडचण आली ती धांड्यांची. सगळीकडे सोयाबीन नि कपाशी, ज्वारी पेरतो कोण? अर्धा दिवस फिरून एका वावराच्या धुऱ्यावर थोडी ज्वारी सापडली. तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांच्या वावरात चार ओळी ज्वारी असेल, त्यांनी भादव्याच्या पौर्णिमेआधी पाच धांडे राखून ठेवा. घ्यायला आम्ही येऊ.