ट्रंकेच्या तळातले पहिले पान

सातवीच्या वर्गाला इतिहास शिकवताना मी मुलांना सांगितले, घरात जुने वर्तमानपत्र असेल तर घेऊन या. दुसऱ्या दिवशी आली ती बहुतेक मागच्या गणपतीतली रद्दी. एका मुलीने मात्र आजीच्या लोखंडी ट्रंकेच्या तळाला अंथरलेला कागद आणला. पिवळा पडलेला, घडीवर चिरलेला. पान पहिलेच होते, पण वरची पट्टी फाटून गेली होती. पत्राचे नाव नाही, वार नाही, तारीख नाही.

"सर, तारीखच नाही. काय उपयोग?" मागच्या बाकावरून एकजण म्हणाला. मी म्हटले, तारीख आपण काढू.

एका जाहिरातीत चहाच्या पुडीची किंमत 'नवे पैसे' अशी छापली होती. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला आणि 'नवे' हा शब्द गळला जून १९६४ मध्ये. म्हणजे सात वर्षांच्या आत आलो. मुख्य बातमीत 'संरक्षणमंत्री चव्हाण' होते. चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव दिल्लीला गेले ते नोव्हेंबर १९६२ मध्ये, तेव्हा त्याआधीची सगळी वर्षे बाद. खाली पंतप्रधान म्हणून नेहरूंचे नाव, आणि नेहरू वारले २७ मे १९६४ ला. उरले दीड वर्ष. मग एका मुलाने कोपऱ्यात बोट ठेवले. तिथे संक्रांतीनिमित्त तिळगुळाची जाहिरात होती. १९६३ चा जानेवारी किंवा १९६४ चा, तिसरा पर्याय नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठले नाही. तीस वर्षांच्या नोकरीत हे मी फार वेळा पाहिलेले नाही.

त्याच पानावर चंदगडची एक बातमी होती आणि कंसात 'जि. कोल्हापूर' असे होते. मुलांना त्यात काही विशेष वाटले नाही. पण चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत तेवढा तालुका मुंबई राज्याकडे गेला आणि बाकीचे आपण म्हैसूर राज्यात आलो. माणसे, सोयरीक, बाजार सगळे होते तिथेच राहिले, कंसातला जिल्हा तेवढा बदलला. आपल्या भागाचा इतिहास असा कंसात वाचावा लागतो.

वाचकहो, बेळगाव शहराचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वाचायचा असेल तर जाड ग्रंथांइतकीच ही जुनी पाने उपयोगी पडतात. मात्र ती वाचण्याची रीत आहे. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीच्या परिसरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. त्या महिन्याचे अंक हाती आले तर पहिल्याच पानावर गांधीजी सापडतील असे धरून चालू नका. त्या काळी पुष्कळ पत्रांच्या पहिल्या पानावर जाहिराती असत, मोठी बातमी आत शोधावी लागे. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होते हेही ध्यानात ठेवावे, नाहीतर आज शहरातल्या शहरात जिथे रिक्षाने जातो तिथली बातमी 'संस्थानी वृत्त' म्हणून का आली, याचा उलगडा होत नाही.

याच अधिवेशनाच्या वेळी बेळगावात कर्नाटक एकीकरणाची परिषदही भरली होती. हे आपल्याकडे कमी सांगितले जाते. मी समितीचा कार्यकर्ता आहे, तरी सांगतो, कारण ते खरे आहे. पुढे मे १९४६ मध्ये याच गावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने तिथे जोर धरला. बावीस वर्षांच्या अंतराने एकाच शहरात दोन मांडव पडले. दोन्ही मांडवांतल्या लोकांना हे गाव आपले वाटत होते. भांडणाचे मूळ शोधणाऱ्याने ही दोन्ही पाने शेजारी ठेवावीत.

आता एक तारीख घ्या, १ नोव्हेंबर. १९५६ साली त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. १९७३ साली त्याच दिवशी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. २०१४ साली पुन्हा त्याच दिवशी बेळगावचे 'बेळगावी' झाले. तिन्ही वर्षांचे १ आणि २ नोव्हेंबरचे अंक काढून बघा. आपण त्या दिवशी काळा दिन पाळतो, त्याच दिवशी पलीकडच्या गल्लीत राज्योत्सवाचे ध्वज लागतात. माझे एक कन्नड शिक्षक मित्र आहेत. एके वर्षी आम्ही दोघांनी २ नोव्हेंबरची मराठी आणि कन्नड पाने टेबलावर शेजारी मांडली. त्यांनी मला त्यांचे वाचून दाखवले, मी त्यांना आमचे. चहा गार झाला. एकाच रस्त्यावरचा तो एकच दिवस होता, हे तिसऱ्या माणसाला सांगूनही पटले नसते.

१७ जानेवारी १९५६ च्या गोळीबाराविषयी मी इथे लांबण लावत नाही, दर वर्षी आपण त्या हुतात्म्यांना अभिवादन करतोच. पण निपाणीविषयी थांबून बोलले पाहिजे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगलोर महामार्गावर ठाण मांडले. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी गेले. रस्त्यावर बसलेल्यांत मराठी बोलणारे होते तसे कन्नड बोलणारेही होते. व्यापाऱ्याने भाव पाडला तेव्हा त्याने भाषा विचारली नव्हती. सीमाभागाचे पहिले पान म्हणजे केवळ भाषावाद, असे ज्यांना वाटते त्यांनी हे अंक मिळवून वाचावेत.

१९८६ साली मी हायस्कूलात होतो. कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात १ जूनला गोळीबार झाला. नऊजणांनी प्राण गमावले, हिंडलग्याला त्यांचे स्मारक आहे. त्या आठवड्यात पहिल्या एस.टी.ने पेपरचा गठ्ठा उतरला की देवळाच्या कट्ट्यावर एकजण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. माझ्या वडिलांनी ते सगळे अंक नीट बांधून माळ्यावर ठेवले होते. पुढे मी शिकायला बाहेरगावी असताना कौले सरकली, पावसाळाभर पाणी गळले. गठ्ठा काढला तेव्हा हातात लगदा आला. कौले शाकारायची जबाबदारी माझी होती. ती चुकी मी अजून विसरलेलो नाही.

माझेच असे झाले तर इतरांना काय बोलावे? एका गावी जुन्या अंकांच्या फायली आहेत असे कळले म्हणून गेलो, तर जागा अडते म्हणून त्या रद्दीत घातल्याचे समजले. किलोच्या भावाने. गावाचे नाव सांगत नाही. आपण न्यायालयात पुराव्याच्या गोष्टी करतो. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. आणि घरातले कागद भेळवाल्याकडे जातात!

तेव्हा एवढे करा. जुना अंक सापडला तर घडी मोडून सपाट ठेवा, चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळवू नका. फाटके असले तरी टाकू नका. मोबाईलवर फोटो काढा, पण कागदही जपा. आणि पोरांना वाचायला द्या. त्या मुलीचा थोरला भाऊ दुसऱ्या माध्यमात शिकतो. त्याने पान हातात घेतले, चित्रे बघितली आणि बहिणीला म्हणाला, "तू वाच, मला जोडाक्षरे जमत नाहीत." घरात मराठीच बोलतात. आजीला अक्षरओळख नाही आणि नातवाला जोडाक्षरे जमत नाहीत. मधली दोन माणसे तेवढी वाचणारी, आणि ती दिवसभर कामावर.

पान आता शाळेच्या कपाटात दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवले आहे. परवा आजी स्वतः शाळेत आली. मला वाटले कागद परत मागायला आली असेल. ती म्हणाली, "कागद राहू दे तुमच्याकडं, पण ट्रंकेला खाली काय तरी पाहिजे की. पत्र्याचा गंज लुगड्याला लागतो."

मी टेबलावरचा त्या दिवसाचा अंक दिला. नातीने तो उलगडला, वरची तारखेची पट्टी शाबूत आहे का ते पाहिले, आणि मग घडी घातली.